चार माणसांचा फाटा

माणसांचे चेहरे मूर्तीवाल्या काकांच्या लक्षात राहत नसत. माझ्या बाबांना ते लहानपणापासून ओळखत होते, तरी बाजारात समोरासमोर आले की काकांची नजर आधी बाबांच्या पायांकडे जाई आणि मग ते म्हणत, "हां, तू होय." कोण कोणत्या पायावर वजन टाकून उभा राहतो, यावरून ते माणूस ओळखत. मूर्तीला चेहरा शेवटी लागतो, आधी वजन कुठे पडतं ते पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. वजन चुकलं की मूर्ती उभी नसते, नुसती ठेवलेली असते.

माझ्याशी ते पहिल्यांदा बोलले ते असं:

"तू मांगच्या पायावर उभी राह्यतं. म्हंजे घरी वापस जाची तयारी पह्यलेच करून ठेवली."

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. पाठ वळवून ते आपल्या टिनाच्या शेडमध्ये निघून गेले. माझी सकाळची गाडी नुकतीच माझ्यासमोरून न थांबता गेली होती.

मेडशी सोडून वाशीमच्या रस्त्याला लागलं की आमचा फाटा येतो. तेव्हा तिथे एक कडुनिंब होता, काकांचं शेड होतं, आणि रस्त्यापलीकडे गोदाकाकूंचं तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाचं घर. बाकी सोयाबीन आणि तूर. गाव आत आहे. फाट्यावर गाडी थांबते, पण हात केला तरच. माझी सगळी अडचण त्या 'तरच'मध्ये होती.

मी वाशीमला होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले. तिथे हात वर करायचा तो परवानगीसाठी. पाणी प्यायला, बाहेर जायला, प्रश्न विचारायला. मी फारसं काही विचारत नसे. पुढे एम.एस्सी.ला घरून ये-जा करायला लागले, तेव्हा कळलं की रस्त्यावर एकटीनं उभं राहून, भरधाव येणाऱ्या गाडीला, आतले सगळे आपल्याकडे बघत असताना हात करणं माझ्याच्यानं होत नाही. मी झाडाखाली उभी राहायची. मनात म्हणायची, ड्रायव्हरला दिसतेय ना मी. गाडी निघून जायची.

कॉलेजात सांगितलं होतं की हजेरी भरली नाही तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाहीत. घरी बाबा म्हणत, "झेपत नसन तं राहू दे बाप्पा. कोनी जबरदस्ती नाई करून राह्यलं." ते प्रेमानं म्हणत, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटे. अजून थोडे दिवस असेच गेले असते, तर मी खरंच राहू दिलं असतं.

गावात सगळे त्यांना मूर्तीवाले काका म्हणत. मी शाळेच्या सवयीनं 'सर' म्हणाले, तर ते चिडले.

"सर? मी कोनाच्या वर्गावर गेलो वं? काका म्हन. नाईतं काहीच म्हनू नको, ते तुले जमते."

ते मला 'कॉन्व्हेंट' म्हणत. नाव विचारलं नाही, शेवटपर्यंत.

मुंबईच्या कलाशाळेत शिकून त्यांनी कित्येक वर्षं पुतळे केले होते. आपल्या भागातल्या चौकाचौकांत बोट वर केलेले, पुस्तक धरलेले, छातीपर्यंतचे, पूर्ण उंचीचे जे पुतळे दिसतात त्यांतले बरेच त्यांच्या हातचे. त्या दिवसांच्या गोष्टी ते हातानं काम करता करता सांगत. एका गावच्या समितीला पुतळा शेजारच्या गावापेक्षा उंच हवा होता. काकांनी विचारलं, पुतळा उंच करू की चौथरा? समिती म्हणाली, दोन्ही. दुसऱ्या एका पुढाऱ्याच्या पुतळ्याचं पोट समितीनं कमी करून मागितलं आणि ते झाल्यावर त्याची बायको येऊन रडली. "आमचा मानूस खाऊनपिऊन सुखी होता. हा कोन उपाशी आनून उभा केला?" काकांनी पोट परत लावलं. त्यांच्या मते साऱ्या आयुष्यात त्यांच्या कामाची तेवढी एकच खरी परीक्षा झाली.

हे सगळं त्यांनी का सोडलं, याची गोष्ट मात्र ते हसत हसत सांगत नसत. एका तालुक्याच्या गावी ते आपला जुना पुतळा बघायला गेले. पुतळ्याच्या कोपराला चीर गेलीय असं कोणीतरी सांगितलं होतं. पाहतात तर भोवती लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. आत वाळून काळा पडलेला हार. चावी ज्याच्याकडे तो लेकाकडे पुण्याला गेलेला. चहावाला म्हणाला, "जयंतीले येते ना तो चावी घेऊन." काका चहा पिऊन, जाळीतून जेवढा आत जातो तेवढा हात घालून परत आले. कोपरापर्यंत तो पोचला नाही.

"मीच घडवला, अन् मलेच हात लावता येईना," ते म्हणाले. "मंग लोकाइनं काय करावं? जे मूर्ती वर्सातून एकदा तरी लोकाइचा हात मांगत नाई, ते लोकाइची नाई."

त्यानंतर त्यांनी ब्राँझ आणि फायबरची कामं बंद केली आणि आईच्या नावच्या या जमिनीच्या तुकड्यावर शेड टाकलं. फायबरचे जुने साचे इथे तिथे पडलेले असत. घोड्याच्या पोटाचा साचा उलटा करून त्यात पाणी भरलेलं असे, गावच्या म्हशी येता-जाता त्यात तोंड घालत. एका पुढाऱ्याच्या छातीच्या साच्यात गोदाकाकूंच्या कोंबड्या अंडी घालायच्या.

शेडच्या बाहेर दगड, लाकडाचे ओंडके, मातीचे ढीग, मोडक्या मळणीयंत्राचे पत्रे असं काय काय ओळीनं मांडलेलं असे. कुठल्याही सामानानं एक उन्हाळा आणि एक पावसाळा बाहेर काढायलाच हवा, हा त्यांचा नियम. "नवा दगड म्हंजे नवा जवाई. पह्यल्या वर्सी नुसता पाह्याचा, कामाले नाई लावाचा." सिमेंटला ते घाईचा दगड म्हणत. फायबर बोटानं वाजवून दाखवत: "आयक. आंदरून पोकय. पुढाऱ्यावानी आवाज येते." आणि माती ते चाखत. खरोखर जिभेवर ठेवत, डोळे मिटत, आणि थुंकून सांगत की ही चालेल की नाही. काळी माती त्यांनी कामाला कधी घेतली नाही. ती पीक देते पण वाळली की फाटते. मूर्तीला त्यांना गावच्या पडक्या गढीची पांढरी माती लागे, जी आमच्याकडे पूर्वी भिंतींना वापरत.

मी गाडी चुकवून परत निघाले की ते कधीकधी शेडच्या दारातून हाक मारत. मी थांबायची. ते बोलायचे, मी ऐकायची. न बोलता कुठे उभं राहता येतं, असं ते माझं एकच ठिकाण होतं.

एकदा त्यांनी मेडशीला चहाच्या टपरीवर सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. काय झालं ते मला नंतर गोदाकाकूंनी ड्रायव्हरच्या आवाजात करून दाखवलं:

"काका, थे पोरगी झाडाखाली उभी राह्यते. हात करत नाई, पुढं येत नाई. मले काय सपन पडते का थे चढनार हाय म्हनून? चार मानसं उभी दिसली तं मी हात न करताबी थांबतो."

"चार?" काकांनी विचारलं.

"हाव, चार."

"बरं," काका म्हणाले आणि चहा अर्धा टाकून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून शेडमागे खड्डा खणला गेला. पांढरी माती, सोयाबीनच्या भुशाचं कुटार, शेण, पाणी. तुरी नुकत्याच निघाल्या होत्या, बाबांनी तुराट्यांचे भारे आणून टाकले. तुराट्या उभ्या-आडव्या बांधून काकांनी माणसांचे सांगाडे केले, जसा घराचा कूड बांधतात तसे. त्यावर माती. माती आधी आंबायला हवी, म्हणून खड्ड्याचा जो वास सुटला तो माझ्या ओढणीला लागून कॉलेजच्या लॅबपर्यंत आला.

माती तुडवायला गोदाकाकू होत्या. साडी खोचून त्या खड्ड्यात उतरत आणि तोंड चालू ठेवत.

"कुटार टाका आजूक."

"बास झालं. जास्त कुटारानं मूर्ती खरबडी होते."

"तं होऊ द्या ना. तिचं लगन लावाचं हाय का?"

"गोदा, हे मूर्ती होय, भित नोय."

"पान्यात उभं राह्याचं म्हंजे भितच ना."

काकांनी पावसाचाही विचार केला होता. छप्पर घालणार नाही म्हणाले, छपराखाली माणसं उभी केली की गाडीवाल्याला दिसत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाच्या डोक्यावर त्यांनी चपटा काळा दगड बसवला. कोणाचं ते गाठोडं, कोणाची पाटी. पाणी आधी दगडावर पडेल आणि कडेनं अंगापासून दूर गळेल. तरी दर वर्षी थोडी माती जाणारच. "जाऊ दे," ते म्हणाले. "दिवाळीले घर लिंपता लिंपता यायलेबी एक हात माराचा. मी कोनाले सांगनार नाई. वाटलं तं लिंपतीन, नाईतं माती मातीत."

चौघांपैकी एका बाईचा हात वर करायचा होता. त्यासाठी त्यांनी मला शेडमध्ये उभं केलं.

"कर हात."

मी केला.

"हे काय? मुतायले जाची परवानगी मांगून राह्यली का?"

खड्ड्यातून गोदाकाकू इतक्या हसल्या की त्यांना खड्ड्याची कड धरावी लागली. मला राग आला. मी हात खाली केला.

"कोपर आंगाले चिकटवू नको. खांद्यापासून कर." ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. "अन् वजन? हात वर अन् वजन मांगं. मंग हात खोटा दिसते, बाप्पा. पुढच्या पायावर ये."

मी पुढच्या पायावर आले. हात खूप वेळ तसाच धरायला लावला त्यांनी. खांदा दुखायला लागला तेव्हा कुठे म्हणाले, "आता बरोबर." मग त्या मातीच्या हाताच्या आत लोखंडी सळी घालून त्यांनी तो असा बसवला की कोणी लोंबकळलं तरी हलू नये.

होळीच्या सुमाराला चौघं कडुनिंबाखाली उभे राहिले. फेटेवाला म्हातारा, बगलेत पिशवी धरलेला माणूस, पाटी घेतलेली बाई आणि हात वर केलेली ती. चेहरे जवळपास नव्हतेच. पण लांबून बघितलं की चार माणसं गाडीची वाट बघतायत यात शंकाच नव्हती.

पहिल्या दिवशी गाडी करकचून थांबली. कंडक्टरनं दार उघडून ओरडायला सुरुवात केली, "चला चला, लवकर, किती जन हाये?" मी चढले. बाकी कोणी हललं नाही. "ओ काकू, तुमाले अलग सांगू का?" तो पाटीवाल्या बाईला म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं. गाडीतले लोक खिडक्यांतून वाकून बघायला लागले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. "काकानं बनवलं ना बे मले!"

काही दिवस मजेत गेले. गाडी रोज थांबायची. माझी हजेरी लागायला लागली. येणारे-जाणारे उतरून पुतळ्यांना हात लावून बघायचे, कोणी म्हाताऱ्याच्या गळ्यात रुमाल टाकायचं. काका शेडच्या दारात बसून बघत राहायचे आणि कोणाला काही म्हणायचे नाहीत.

मग एका सकाळी गाडी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी नेहमीसारखी झाडाखाली, पाटीवाल्या बाईच्या शेजारी उभी होते. गाडी जवळ आली, ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलं, चांगलं बघितलं, आणि पुढे गेला. आता गाडीवाल्यांना माहीत झालं होतं. फाट्यावर उभी असलेली माणसं मातीची असतात.

काका दारातून सगळं बघत होते. ते रस्त्यावर आले, गाडी गेली त्या दिशेला बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यानं तुले मातीची समजली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. "इतक्या साऱ्या मूर्त्या केल्या जिंदगीत, पन जित्या मानसाची मूर्ती कराचं पाप आजच झालं हातून."

मला हसू यायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल होतं आणि मला रडू येत होतं. बाबांनी मोटारसायकलवर सोडतो म्हटलं. दोन दिवस सोडलंही. पण ते रोजचं होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाबा पहाटेच ओलितावर अडकले. मी एकटीच फाट्यावर आले. काका शेडच्या दारात होते, हात मातीनं भरलेले. मला वाटलं ते येतील, रस्त्यात उभे राहतील, गाडी थांबवतील. ते जागचे हलले नाहीत. चढावर गाडीचं टप दिसलं.

मी झाडाखालून निघाले. पाटीवाल्या बाईला ओलांडलं, हातवालीलाही ओलांडलं, आणि डांबरावर जाऊन उभी राहिले. हात वर केला. गाडीचा वेग कमी होईना. मग मी दुसराही हात वर केला, दोन्ही हलवले, आणि ओरडले, "थांबा! ओ भाऊ, थांबा!" तो आवाज माझा आहे हे मला जरा उशिरानंच कळलं.

गाडी माझ्या पुढे जाऊन धुरळ्यात थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"अबे थांब, थांब! त्यातली एक जिती निंगाली!"

अख्खी गाडी हसत होती. मी चढले, सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि खिडकीशी बसले. मीही हसत होते.

संध्याकाळी उतरले तर त्या बाईचा वर केलेला हात नव्हता. काकांनी तो सळीसकट खांद्यापासून कापून काढला होता आणि माती परत खड्ड्यात भिजत घातली होती. खांद्यावर ओलं लिंपण होतं.

"का कापला?" मी विचारलं. आपण होऊन त्यांना विचारलेला माझा हा पहिला प्रश्न असावा.

"गाडीले हात करनारं हाय आता कोनी. दोन-दोन कायले?"

त्या पावसाळ्यात काका शेडमध्ये घसरून पडले. खुबा मोडला. नागपूरची लेक येऊन त्यांना घेऊन गेली. ऑपरेशन झालं, मग महिनोन्‌महिने तिकडेच. फोन केला की प्रकृतीचं बोलत, माझ्या रिझल्टचं विचारत, म्हशींचं विचारत. पुतळ्यांचा विषय निघाला की लगेच म्हणत, "सांगू नको." एकदा मी सांगायला लागले तर त्यांनी फोनच ठेवला. मला कळत होतं. लोकांना वाटलं तर लिंपतील, नाहीतर माती मातीत, हे म्हणणं त्यांचंच होतं. आता ते खरं ठरतं की काय या भीतीनं म्हातारा नागपुरात झोपत नव्हता.

दिवाळीनंतर ते परत आले. वाशीमच्या स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेले. मी तेव्हा तिथल्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले होते. ते काठी टेकत आले, आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. कॉन्व्हेंट."

गाडीत त्यांनी खिडकीची जागा घेतली नाही. वाटेतलं मालेगाव गेल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. फाटा जवळ आला तसं काठीवरच्या हातांनी काठी घट्ट धरली.

"हायेत का?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"आहेत."

"चारी?"

मी खिडकीतून मोजल्यासारखं केलं.

"पाच."

त्यांनी डोळे उघडले. कंडक्टर ओरडला, "चला, चार मानसं कोन उतरते? चार मानसं!" फाट्याला आता सगळे तेच म्हणतात.

चौघं जागेवर होते. तसेच नव्हते. म्हाताऱ्याचा फेटा दुप्पट झाला होता, पिशवीवाल्याचे खांदे जाड झाले होते, आणि सगळ्यांना गावातल्या घरांसारखाच पांढऱ्या मातीचा पोतारा दिला होता. बायकांनी दिवाळीला आपापली घरं आवरून मग इकडे एक दुपार घातली होती. मीही होते त्यात. आणि त्यांच्या पुढे, बुंध्याशी, पाचवी होती. एक गुडघा वर घेऊन, त्यावर हात टाकून बसलेली म्हातारी. डोळ्यांच्या जागी अंगठ्यानं दाबलेले दोन खळगे. गोदाकाकूंनी कोणाला न विचारता केलेली.

काका उतरले. काठीनं अंदाज घेत तिच्याभोवती एक फेरी मारली. रस्त्यापलीकडून गोदाकाकू पदराला हात पुसत आल्या आणि आधीच भांडायला लागल्या.

"काय पाह्यता? सगयाइनं उभ्यानंच पाह्याची का गाडीची वाट? माहे गुडघे दुखतेत. कोनी बसन का नाई?"

काकांनी म्हातारीच्या पाठीची चिमूटभर माती काढून जिभेवर ठेवली. थुंकले.

"कुटार जास्त झालं."

"तं काहाडा मंग!"

त्यांनी काही काढलं नाही. पुन्हा तिच्या वर घेतलेल्या गुडघ्याकडे बघितलं, मग जमिनीला टेकलेल्या दुसऱ्या बाजूकडे. मग माझ्याकडे वळून, गोदाकाकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "वजन बरोबर पडलं, वं."

आणि काठी बाजूला ठेवून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते हळूहळू तिच्या शेजारी मातीत बसले. गाडी अजून उभीच होती. ड्रायव्हरनं वाकून विचारलं, "काका, निंगू का मी? का तुमालेबी लिंपून घेता?"

काकांनी हातानंच त्याला जा म्हटलं. गाडी हलली. मागच्या खिडकीत एक लहान मुलगी काचेला नाक लावून बोटानं पुतळे मोजत होती. काका मुद्दाम हलले नाहीत.